विषय क्रमांक एक

"भाऊसाहेब, माझ्या आव्यावर चुन्याची रेघ कुनी मारली?"

अनशाबाई कुंभारीण ग्रामपंचायतीच्या दारात उभी होती. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, म्हणून तिनं चौकटीला हात लावला नव्हता. मी जेवणाचा डबा उघडत होतो, तो पुन्हा बंद केला.

"मोजणीवाल्यांनी मारली असेल," मी म्हणालो.

"कशापायी?"

"ती जागा शाळेला दिलीय. आबांच्या संस्थेच्या."

"कुनी दिली?"

"ग्रामसभेनं."

"म्हंजी कुनी?"

"म्हणजे गावानं."

ती जरा विचारात पडली. "मी बी गावातच ऱ्हाते की."

तळ्याच्या काठाला वीस गुंठे जागा होती. सरकारी कागदावर ती पड होती, पण अनशाबाईच्या सासऱ्याच्याही आधीपासून तिथं कुंभारांचा आवा पेटत होता. माती तळ्यातली, जळण काठच्या बाभळीचं. नवरा ज्ञानू वारल्यावर ती आणि सून मिळून माठ, पणत्या, बोळकी भाजत आणि आठ-दहा गावांना पुरवत. घराजवळ आवा लावायचा तर धुरानं आळी ओरडणार. तेव्हा ती जागा गेली की धंदा गेला, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"ही सभा कवा झाली?"

"सव्वीस जानेवारीला."

"मी आल्ते की झेंड्याला. झेंडा झाला, पोरास्नी गोळ्या वाटल्या आन् समदी घरला गेली."

"त्यानंतर झाली."

"बरं. मग फुडल्या सभेत येऊन सांगते, माझा आवा ऱ्हाऊ द्या म्हनून. बोलू देत्यात न्हवं?"

"म्हणजे काय! ग्रामसभेत कुणीही बोलू शकतं. तो तुमचा हक्कच आहे," मी म्हणालो. हे बोलताना मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढी तयारी झाली होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. गावाचं नाव मी माणकेडोह सांगतो. खरं सांगून पेन्शन धोक्यात घालायची हौस मला नाही. मी तिथं ग्रामसेवक होतो आणि ग्रामसभा न घेता घेण्यात माझा हातखंडा होता. सभेला शंभर माणसं लागायची. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नाही. हे कलम ज्या कुणी घातलं त्याचा मुलगा ग्रामसेवक असावा. मी प्रत्येक सभा आधी तहकूब करायचो आणि मग ती मी, तुका शिपाई आणि टेबलावरचं प्रोसिडिंग बुक एवढ्यांत भरवायचो. ठराव मी लिहायचो. तुका बुक काखेत मारून सह्या आणि अंगठे गोळा करत घरोघर हिंडायचा. सरपंच होत्या सौ. इंदुमती रणनवरे. त्या चुलीपुढून उठून सही करायच्या, त्यामुळे बुकाच्या पानापानावर हळदीची बोटं होती. काय ठरवायचं ते त्यांचे यजमान दिनकरराव, म्हणजे आबा, ठरवायचे. कायद्यानं खुर्ची बाईंसाठी राखून ठेवली होती. आबा म्हणायचे, "राखून ठेवलीय, म्हणून तर तिच्यावर तिला बसू देत न्हाई. खराब व्हायची."

ठरावाला सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लागतात. ती मी मतदारयादीतून ओळीनं घ्यायचो, एकापाठोपाठ एक. कुणाला वगळलं असं व्हायला नको. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. माणकेडोहमधल्या प्रत्येक माणसानं निदान एकदा तरी लोकशाहीत भाग घेतला होता, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि प्रत्येक सभेचा विषय क्रमांक एक ठरलेला असे: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याखाली मी लिहायचो, 'वाचून दाखवण्यात आले व एकमताने कायम करण्यात आले.' हे वाक्य मी पन्नास वेळा तरी लिहिलं असेल. इतिवृत्त वाचलं एकदाही नव्हतं. कुणी वाचतही नाही.

आठवड्याभरानं बीडीओ पिंगळे साहेबांची जीप आली. साहेब आबांच्या ओसरीवर बसले आणि त्यांनी बातमी सांगितली. आफ्रिकेतल्या एका देशातून पाहुणे येणार होते. तिथली लष्करी राजवट नुकतीच गेली होती, पहिली निवडणूक झाली होती आणि आता गावांच्या कारभारासाठी कायदा करायचं चाललं होतं.

"लोकशाही कशी चालते ते बघायचंय त्यांना," साहेब म्हणाले.

"मग दिल्ली दाखवा की," आबा म्हणाले.

"दिल्ली बघून झाली. आता चालते ती बघायचीय म्हणे."

"पर आमचंच गाव कसं निवडलं, साहेब?"

"डांबरी रस्ता तुमच्यापर्यंतच आहे."

विशेष ग्रामसभा भरवायची ठरली. ती तहकूब करता येणार नव्हती, कारण पाहुण्यांचं परतीचं विमान होतं. म्हणजे खरोखरीची शंभर माणसं जमवायची आणि त्यांना बोलायला लावायचं. आबांना घाम फुटला. साहेब म्हणाले, "आदल्या दिवशी रंगीत तालीम घेऊ."

तालीम मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात झाली. इंदुताई पहिल्यांदाच सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या, त्याही अगदी कडेला, कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशा बेतानं. साहेबांनी त्यांना दोन वाक्यं पाठ करायला दिली होती: "कुणाला काही म्हणायचं आहे का?" आणि "मंजूर असेल त्यांनी हात वर करावा." साहेब सांगतील ते त्या जसंच्या तसं म्हणून दाखवत.

मग प्रश्न वाटले. चंदर न्हाव्याला पाणीपुरवठा मिळाला, निवृत्त गुरुजींना वृक्षारोपण. अनशाबाईचा आवाज खणखणीत म्हणून साहेबांनी तिला दिवाबत्ती दिली.

"तुम्ही विचारायचं, गावात खांबांवर दिवे कधी लागणार?"

"दिवं तर लागलं की परवा," अनशाबाई म्हणाली.

"म्हणून तर विचारायचं. म्हणजे उत्तर चांगलं देता येतं."

"मला आव्याचं इचारायचं हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं म्हणालो, "ते शेवटी. आयत्या वेळच्या विषयात बोला, अनशाबाई." आयत्या वेळचे विषय यायच्या आधी पुरणपोळीची पंगत बसवायची, हे आमचं आधीच ठरलं होतं.

मोठी अडचण हातांची झाली. कुणी प्रश्न संपायच्या आधीच हात वर करी, कुणी सभा पुढं गेल्यावर, आणि पाटलाच्या आळीतले चारजण दोन्ही हात वर करत. शेवटी आबाच वैतागून उठले. "इकडं बघा रं सगळी. मी टोपी काढली की हात वर. टोपी घातली की खाली. बाकी काय बी ऐकू नका." तीन वेळा करून घेतलं. तिसऱ्या वेळी एकशेबारा हात एकदम वर गेले. पिंगळे साहेब भारावून म्हणाले, "याला म्हणतात शिस्त!"

साहेबांच्या हुकमावरून दुसऱ्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त मी तिथंच बसून लिहून टाकलं. प्रत सभेच्याच दिवशी संध्याकाळी जिल्ह्याला जायची होती. माणसं जमलीच होती, तर अंगठेही घेऊन टाकले. अनशाबाईनं विचारलं, "हा कशाचा?" मी म्हणालो, "हजेरीचा." तिनं पदराला बोट पुसून नीट, ठळक अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाहुणे आले. तिघं होते. त्यातले जाड चष्म्याचे एक म्हातारे गृहस्थ पूर्वी शाळामास्तर होते. निवडणूक घ्या असं म्हणाले म्हणून त्यांना अकरा वर्षं तुरुंगात टाकलं होतं, अशी माहिती सोबतच्या दुभाषी सहस्रबुद्धे बाईंनी दिली. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "निवडणुकीसाठी अकरा वर्षं? आमच्याकडं अकरा दिवस पुरत्यात." सहस्रबुद्धे बाई पुण्याच्या प्राध्यापिका, माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसल्या. अजेंड्याचं भाषांतर करून त्यांनी तिघांच्या हातात एकेक कागद दिला होता.

"विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम. विषय क्रमांक दोन, पाणीपुरवठा," मी एका दमात म्हणालो आणि चंदर न्हाव्याकडे पाहिलं. चंदर उठला, पण त्याच्या आधी म्हाताऱ्या पाहुण्यांनी हात वर केला. ते बाईंशी हळू आवाजात काही बोलले.

"ते विचारतायत, एक नंबर राहिला का?" बाई म्हणाल्या.

"झाला की. कायम केलं."

"पण वाचलं नाही, म्हणतात. त्यांना ऐकायचंय. हे कलम त्यांना सगळ्यांत आवडलं. त्यांच्याकडे वीस वर्षं कुणीतरी कुठंतरी ठरवायचं आणि लोकांना नंतर कळायचं."

मी पिंगळे साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून म्हणाले, "वाचा ना! लपवण्यासारखं काय आहे त्यात?" त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेही कधी वाचत नसत.

मी बुक उघडलं. पहिले तीन ठराव वाचले. चौथा सोडून पाचव्यावर जावं म्हणून पान उलटायला गेलो, तर बाईंचं बोट पानावर आलं. "हा राहिला," त्या म्हणाल्या. त्या भाषांतर करता करता ओळीओळीनं बुकात बघत होत्या.

"ठराव क्रमांक चार," मी वाचू लागलो. "तळ्याकाठची पड जागा, क्षेत्र वीस गुंठे, सध्या कोणाच्याही उपयोगात नसल्याने शाळेच्या इमारतीसाठी शिक्षण संस्थेस देण्यास ही सभा सर्वानुमते संमती देत आहे." मग मी थांबलो. बाईंचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. ती ओळ मला पाठ होती.

"सूचक, श्रीमती अनुसया ज्ञानू कुंभार."

मतदारयादीत तिची पाळी आली होती. एवढंच. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं. मी क्षणभर पेन थांबवलं होतं आणि मग म्हटलं, एक नाव सोडलं की यादीचा क्रम बिघडेल.

बाईंनी भाषांतर केलं आणि म्हाताऱ्या पाहुण्यांचा चेहरा उजळला. गावची जागा शाळेला द्या असं सुचवणारी बाई कोण, हे त्यांनी विचारलं, आणि कुणीतरी सवयीनं बोट दाखवलं. ते उभे राहिले आणि अनशाबाईकडे बघून टाळ्या वाजवू लागले. मागोमाग बाकीचे दोघं उठले. मग पिंगळे साहेबही.

अनशाबाई उभी राहिली. तिला वाटलं, दिवाबत्तीची वेळ आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं नाव कशापायी घेतलं, भाऊसाहेब?"

निवृत्त गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "अगं, तुझा आवा शाळेला द्या असं तूच सुचवलंस, असं लिहिलंय."

"मी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी कशाला सांगीन? माझाच आवा मोडा म्हनून मी सांगीन व्हय? मी त्या दिवशी झेंडा करून आव्यावरच हुते. लाकडं रचत हुते. इचारा माझ्या सुनंला."

बाईंनी हेही भाषांतर केलं. त्या फार चोख काम करत होत्या. पाहुण्यांच्या टाळ्या थांबल्या. मग म्हातारे गृहस्थ बराच वेळ बोलले आणि बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, अशा वेळी त्यांच्या नव्या मसुद्यात अशी सोय आहे, की अध्यक्षांनी सभेलाच विचारायचं: हे इतिवृत्त चुकीचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. तुमच्याकडेही असंच असेल ना?"

"अगदी असंच," पिंगळे साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

इंदुताईंना सांगितलेलं म्हणून दाखवायची सवय झाली होती. त्या खुर्चीच्या कडेवरून म्हणाल्या, "हे इतिवृत्त चुकीचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा." त्यांनी हे भोळेपणानं म्हटलं की जाणूनबुजून, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हणून झाल्यावर मात्र त्या खुर्चीत मागं सरकून टेकून बसल्या.

चैत्रातलं ऊन. वर मंडपाचा पत्रा तापलेला. आबांच्या कपाळावरून घामाची धार डोळ्यांत उतरली आणि ती पुसायला त्यांनी टोपी काढली.

एकशेबारा हात वर गेले.

आबांच्या सख्ख्या भावाचा गेला, तुका शिपायाचा गेला. पाटलाच्या आळीतल्या चौघांनी दोन-दोन वर केले. आबांनी घाबरून टोपी डोक्यावर दाबली. हात खाली आले, पण सगळे नाही. तीस-चाळीस हात तसेच राहिले. चंदर न्हाव्याचा, गुरुजींचा, कुंभारआळीचे सगळे. आबांनी टोपी दोनदा काढून घातली, तरी ते खाली येईनात.

म्हाताऱ्या पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पंगतीत आबांनी त्यांना स्वतः आग्रह करून पोळी वाढली. पाहुण्यांनी जाताना साहेबांचा हात हातात घेऊन सांगितलं, की लोक आपला कागद आपणच दुरुस्त करतात हे बघायलाच ते इतक्या लांबून आले होते. जीप निघण्यापूर्वी मी साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, आजचं इतिवृत्त..."

"लिहिलेलं आहे ना?"

"आहे. पण त्यात विषय एक एकमतानं कायम केल्याचं लिहिलंय. प्रत्यक्षात तर..."

"पाहुणे खूश आहेत. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. आता कशाला उकरता?"

"तेवढी एक ओळ खोडतो."

"खाडाखोडीवर माझी सही लागेल," साहेब म्हणाले. "मी कशाला करू?"

मला कुणी धमकी दिली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणीही दिली नाही. आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ओळ खोडायची आणि साहेबांशी वाकड्यात जायचं, एवढंच काम होतं, आणि तेवढं मी केलं नाही. संध्याकाळी प्रत जिल्ह्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनशाबाई आली. या वेळी हात धुऊन आली होती.

"भाऊसाहेब, काल झालं ते लिवलं का?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

नऊ वर्षांत माझ्याकडे हे कुणी मागितलं नव्हतं. तिनं एका दिवसात शिकून घेतलं होतं. मी बुक उघडलं. पानावर तिचा ठळक अंगठा होता, इंदुताईंची हळद होती. मी वाचायला सुरुवात केली. "श्रीमती अनुसया ज्ञानू कुंभार यांनी उभे राहून सांगितले, की सदर ठराव त्यांनी सुचवलेला नाही. त्या दिवशी त्या आव्यावर लाकडे रचत होत्या. त्यावर सरपंचांनी सभेचे मत विचारले असता एकशेबारा हात वर झाले. सबब ठराव क्रमांक चार रद्द करण्यात येत आहे." कुठंही न अडखळता मी वाचलं. पानावर यातला एक शब्दही नव्हता.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "लाकडं रचत हुते ते बी लिवलं?" तिनं विचारलं आणि खुदकन हसली. मग म्हणाली, "रद्द झालं ते कुटं हाय? बोट ठिवा."

मी बोट ठेवलं. 'वाचून दाखवण्यात आले व एकमताने कायम करण्यात आले' या ओळीवर. ती वाकली आणि माझ्या बोटाशेजारी तिनंही आपलं बोट टेकलं. कितीही धुतलं तरी कुंभाराच्या नखातली माती जात नाही. कागदावर तांबूस ठिपका उमटला.

त्या आठवड्यात तिनं आवा लावला आणि त्यातला पहिला माठ डोक्यावरून आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "वाजवून बघा," म्हणाली. मी टिचकी मारली. खणखणीत वाजला.

मी बदली मागून घेतली आणि पावसाळ्यापूर्वी मिळालीही. बाकीचं मला पुढं तुकानं सांगितलं. जिल्ह्याची मंजुरी आली, तलाठी आणि संस्थेची माणसं आवा मोडायला गेली, तेव्हा अनशाबाई भांडली नाही की रडली नाही. ती म्हणाली, "तुमची काय तरी चूक झालीया. गावानं रद्द केलंया. भाऊसाहेबांनी मला वाचून दावलंया. बुक काढा." नव्या ग्रामसेवकानं बुक आणलं आणि तिला ते दुसऱ्यांदा वाचून दाखवण्यात आलं. ती म्हणत राहिली, "आसं न्हाई ते. भाऊसाहेबांनी वाचलं तवा येगळं हुतं. बघा, माझ्या बोटाची माती हाय तितं." माती होती, तुका म्हणाला. अगदी त्याच ओळीवर होती.

पाहुण्यांच्या देशानं पुढं कायद्यात कलम घातलं, की मागच्या सभेचं इतिवृत्त सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचल्याशिवाय दुसरा विषय घ्यायचा नाही. पिंगळे साहेबांना त्याबद्दल आभाराचं पत्र आलं. त्यांनी ते चौकट करून कचेरीत लावलं होतं.

माठ मी टेम्पोत मांडीवर धरून नव्या गावी नेला. बायकोनं विचारलं, एवढा चांगला कुठं मिळाला? मी म्हटलं, माणकेडोहच्या एका बाईनं दिला, माझं काम आवडलं म्हणून. सात उन्हाळे टिकला तो. पाणी फार गार व्हायचं.